खानापूरच्या दुकानातल्या सहा मशिनी: परवानग्या आणि अँटीव्हायरस, कामाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

सकाळच्या बसनं बेळगावहून खानापूरला आलो. काकांच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात दिवाळीच्या आधीपासूनच त्रास चालू होता, फोनवर काका एवढंच म्हणाले होते, "पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच उघडत नाहीत बघ बाळ, नुसते बाणाचे चित्र दिसूलालेत." म्हणजे शॉर्टकट व्हायरस, हे तिथंच कळलं होतं. पण खरं कारण वेगळंच होतं ज्यासाठी मला बोलावलं. कॉलेजची एक मुलगी प्रोजेक्टची प्रिंट काढायला आली होती, आमच्या काउंटरच्या मशीनला तिनं पेनड्राइव्ह लावला, आणि तो तसाच कॉलेजला नेला तर तिथं एकही फाइल उघडेना, सबमिशनचा शेवटचा दिवस होता. ती परत दुकानात आली आणि भांडली पण नाही, फक्त विचारलं, "इथनंच गेला काय हो काका?" काकांना ते फार लागलंय. मला पण लागलं. लोक विश्वासानं आपल्या मशीनला पेनड्राइव्ह लावतात.

आज फक्त बघायचं ठरवलं, हात लावायचा नाही. सहा मशिनी आहेत. १ नंबर काउंटरला, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह सगळे तिथं. २ आणि ३ डीटीपीच्या, लग्नपत्रिका, बॅनर, दहावं-बाराव्याची कार्डं. ४ नंबरवर ऑनलाइन फॉर्म, पहाणीचे म्हणजे जमिनीचे उतारे, बस पास, स्कॉलरशिप. ५ वर बिलं आणि उधारी. ६ म्हणजे विंडोज ७ चा जुना लॅपटॉप, स्कॅनरला जोडलेला, कारण त्या स्कॅनरचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजवर चालत नाही.

सापडलं ते असं: सहाच्या सहा मशिनींवर एकच अकाउंट, अॅडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड नाही, यूएसी म्हणजे ते "बदल करायला परवानगी द्यायची का" विचारणारं पडदं, त्याची पट्टी एकदम खाली ओढून बंद केलेली. डिफेंडर, म्हणजे विंडोजबरोबरच येणारा अँटीव्हायरस, आहे सगळीकडे पण तीन मशिनींवर रिअल टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सतत लक्ष ठेवणं, बंद, आणि २ नंबरवर चालू असूनसुद्धा अख्खा डी ड्राइव्ह एक्स्क्लुजनमध्ये टाकलेला. म्हणजे अँटीव्हायरस जागा आहे पण त्याला सांगितलंय की त्या खोलीत बघू नको, आणि सगळं काम तर त्याच खोलीत. कुणी केलं म्हणून विचारलं तर डीटीपी करणाऱ्या अक्का म्हणाल्या, कोरलचा (डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा) क्रॅक, म्हणजे लायसन्स न घेता ते चालवायची फाइल, टाकायला माणूस आला होता तो म्हणाला हे नाही केलं तर फाइल उडते. बरोबर आहे, उडणारच ना, अँटीव्हायरस त्याचं काम करत होता.

अँटीव्हायरस नव्हता म्हणून हे झालं असं काका म्हणतात. तसं नाही. अँटीव्हायरस होता, पण त्याला बंद करायचा हक्क मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला होता, म्हणजे त्या बसणाऱ्यानं चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला पण होता. व्हायरसला पण.

२७ ऑक्टोबर, रात्री

काल पेनड्राइव्हचा एक नमुना नंबर १ वरून घेऊन आलो होतो, घरच्या लिनक्सवर उघडून बघितला. नेहमीचाच प्रकार. खरे फोल्डर उडालेले नाहीत, त्यांना हिडन आणि सिस्टिम अशा दोन खुणा लावून लपवलंय, सगळं एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललंय, आणि वर त्याच नावाचे शॉर्टकट. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते आणि मग खरा फोल्डर पण उघडून दाखवतो, म्हणून माणसाला संशय येत नाही. काकांना फोन करून त्या मुलीला निरोप द्यायला सांगितलं, फाइली गेलेल्या नाहीत, घेऊन ये, अॅट्रिब कमांडनं त्या खुणा काढल्या की सगळं दिसतं. (नंतर लिहिलेलं: ती बुधवारी येऊन गेली, काकांनी मी लिहून दिलं तसंच टाइप केलं आणि प्रोजेक्ट मिळालं. सबमिशन मात्र चुकलं ते चुकलं.)

एक गोष्ट लिहून ठेवतो कारण दुकानात सगळे म्हणतात "पेनड्राइव्ह लावला की आपोआप येतं". पूर्वी यायचं, ऑटोरनमुळं, म्हणजे पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालायचा, २००८ चा कॉन्फिकर नावाचा व्हायरस तसाही पसरला होता. पण विंडोज ७ पासून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंदच आहे, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टाला पण तसा अपडेट दिला गेला. आता कुणीतरी क्लिक करावंच लागतं. म्हणजे क्लिक करणाऱ्याचे अधिकार किती, यावरच सगळं.

२ नोव्हेंबर, रविवार

काल १ नोव्हेंबरला दुकान बंद होतं, त्यामुळं मशिनी मोकळ्या मिळाल्या असत्या पण मला जमलं नाही. आज सकाळी आठपासून बसलो.

प्रत्येक मशीनवर आता अकाउंटं अशी: एक "मालक" नावाचं अॅडमिनिस्ट्रेटर, पासवर्डवालं, रोजच्या कामाला वापरायचं नाही. बाकी अक्का, काउंटरचा पोरगा, काका, तिघांची तीन स्टँडर्ड अकाउंटं, म्हणजे काम करता येतं पण मशीनमध्ये बदल करायचा हक्क नाही अशी. अकाउंटचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवलं, देवनागरीत नाव दिलं तर प्रोफाइलच्या, म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या फाइलींच्या, फोल्डरचं नाव पण देवनागरी होतं आणि जुने, युनिकोड न कळणारे प्रोग्रॅम त्या पाथवर अडकतात, हे मागं एका ठिकाणी भोगलंय.

यूएसीची पट्टी सगळ्यात वर नेली. इथं एक फरक काकांना समजावून सांगायला वेळ लागला. अॅडमिन अकाउंटमध्ये बसून काम केलं तर ते पडदं फक्त "हो की नाही" विचारतं आणि माणूस सवयीनं हो दाबतो, मायक्रोसॉफ्ट स्वतः त्याला पक्की भिंत मानत नाही. स्टँडर्ड अकाउंटमधून तेच पडदं पासवर्ड मागतं. पासवर्ड माहीत नाही तर विषय संपला. भिंत ती आहे.

"मग मलाच माझ्या मशीनवर काय टाकायला येणार नाही?" काका थोडे रागावले होते. मी म्हटलं काका तुम्हाला येणार, पण "मालक" म्हणून, मुद्दाम, विचार करून. दुकानात गल्ल्याची किल्ली आपण गिऱ्हाइकासमोर काउंटरवर ठेवतो काय? ते गप्प बसले, पटलं का नाही कळलं नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, १, ३ आणि ५ अजून त्यावरच आहेत आणि प्रोसेसर जुने, ११ घेत नाहीत. एक वर्षाची वाढीव अपडेटची सोय घेतली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ६ नंबरचा लॅपटॉप नेटवर्कमधून काढला, केबल पण काढून ठेवली. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर नेहमीचे अपडेट नाहीत, त्यावर कितीही अँटीव्हायरस आणि परवानग्या लावल्या तरी खालची जमीनच भुसभुशीत. त्यावर फक्त स्कॅन करायचं, गिऱ्हाइकांचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, आणि त्या स्कॅनरचं काम हळूहळू बंद करायचं. तोवर वेगळा एक पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाला, लाल टेप लावून.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी अक्कांचा फोन. "बाळा, सोमवारपासनंची उधारी काकांना दिसंना, मला दिसतीय." काकांना वाटलं व्हायरस परत आला. मला पण पोटात धस्स झालं.

संध्याकाळी टीमव्ह्यूअरवर, म्हणजे लांबून मशीन उघडून, बघितलं. व्हायरस नव्हता, माझ्याच कामाचा परिणाम होता. ५ नंबरवरचं बिलाचं सॉफ्टवेअर फार जुनं, ३२ बिटचं, ते आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्सच्याच फोल्डरमध्ये लिहितं. आधी त्याच्यावर "अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा" अशी टिक होती म्हणून चालायचं. मी रविवारी टिक काढली. आता स्टँडर्ड माणसाला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही, आणि असे जुने प्रोग्रॅम एकदम मोडू नयेत म्हणून विंडोज व्हिस्टापासून एक युक्ती करतं, ते लिहिणं गुपचूप त्या माणसाच्या स्वतःच्या प्रोफाइलमधल्या व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या फोल्डरकडं वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं लिहिलं. अक्कांनी सोमवारी पहिली एंट्री केली तेव्हा त्यांच्या नावावर डेटाची एक वेगळी कॉपी तयार झाली, काकांना जुनीच दिसत राहिली. दोन वह्या झाल्या.

अक्कांची कॉपी खरी धरून परत जागेवर आणली. मग परवानगीचा प्रश्न. सोपा उपाय म्हणजे अख्ख्या प्रोग्रॅमच्या फोल्डरवर सगळ्यांना मॉडिफाय, म्हणजे बदलायची-पुसायची परवानगी, देऊन टाकणं, नेटवर शोधलं तर दहातले नऊ जण हेच सांगतात. ते करू नये. कारण मग प्रोग्रॅमची ईएक्सई, म्हणजे प्रत्यक्ष चालणारी, फाइल पण कुणीही बदलू शकतो, व्हायरस तिथं जाऊन त्याच नावानं बसू शकतो, आणि पुढं मी जे "प्रोग्रॅम फाइल्समधलंच फक्त चालेल" असा नियम लावणार आहे तो नियम त्याला स्वतःच आत घेईल. एका थराची सवलत दुसऱ्या थराला भोक पाडते, म्हणून हे वेगवेगळं बघून चालत नाही. मी फक्त डेटाच्या आतल्या फोल्डरवर "दुकान" नावाच्या ग्रुपला मॉडिफाय दिलं, ईएक्सईच्या फोल्डरवर वाचणं आणि चालवणं एवढंच. लिहायची परवानगी असली की ते वळवणं आपोआप बंद होतं. आता दोघांना एकच वही.

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीची लग्नं झाली, पत्रिकांचं काम सुरू झालंय, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ३ नंबरवर अक्का मराठी पत्रिका करतात आणि तीच पत्रिका कन्नडमध्ये पण लागते कारण मुलीकडचे पाहुणे धारवाडकडचे. मधेमधे त्यांना उठवून मला काम करावं लागतंय, त्या काही बोलत नाहीत पण मला वाईट वाटतंय.

आज शेअर फोल्डर. "कॉमन" नावाचा फोल्डर २ नंबरवर, एव्हरीवन फुल कंट्रोल, म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार, पाचही मशिनींवर जोडलेला. शॉर्टकट व्हायरस सगळीकडं गेला तो यातूनच गेला, काउंटरचा पोरगा क्लिक करतो आणि अक्कांच्या पत्रिका लपतात.

तोडून तीन केले. "येणारं", गिऱ्हाइकांच्या फाइली, काउंटरला लिहिता येतं, डीटीपीला फक्त वाचता. "काम", अक्कांचं, काउंटरला फक्त वाचायची परवानगी, प्रिंट काढायला तेवढं पुरतं. "जुनं", मागच्या वर्षांच्या पत्रिका, सगळ्यांना फक्त वाचायला, नवीन टाकायचं असेल तर मालक. नेटवर्कवरून येताना शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवर त्या फोल्डरलाच लावलेली, परवानगी दोन्ही लागू होतात आणि जी कडक तीच चालते, म्हणून शेअरवर ढोबळ ठेवलं आणि बारकाईचं काम एनटीएफएसवर केलं, एकाच जागी बघायला सोपं.

एक चूक केली, लिहून ठेवतो. "जुनं" वर काउंटरला लिहिणं बंद करायला मी डिनायची (नाकारायची) टिक वापरली, आणि ग्रुप चुकून यूजर्स, म्हणजे सगळ्यांचाच, निवडला. डिनाय हे अलाउच्या वर जातं, अक्का पण यूजर्समध्येच, त्यांना २०२३ ची एक पत्रिका सुधारून द्यायची होती ती कॉपी करून घ्यायलाही येईना कारण मी रीडवर पण डिनायची टिक केली होती. गिऱ्हाईक समोर उभं. दहा मिनिटं गेली. डिनाय शक्यतो वापरायचंच नाही, जे द्यायचं तेवढंच द्यायचं, न दिलेलं आपोआप नाकारलेलंच असतं.

आणि पेनड्राइव्हबद्दल. पोरगा विचारत होता, "अण्णा, पेनड्राइव्हवर पण अशी परवानगी लावूया की." चांगला प्रश्न आहे. पण पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ नाहीतर एक्सफॅट असतात, त्यात परवानग्या ठेवायची जागाच नाही, कोण मालक, कोण पाहुणा काहीच लिहिलेलं नसतं. तिथं अँटीव्हायरसच बघणार. परवानगी जिथं संपते तिथं त्याचं काम सुरू.

१२ नोव्हेंबर, रात्री

आज काम नाही, वाचत बसलो होतो. फ्रेड कोहेन नावाच्या संशोधकानं १९८३ मध्ये परवानगी घेऊन युनिक्स चालणाऱ्या व्हॅक्स ११/७५० मशीनवर व्हायरसचा प्रयोग केला होता. पाच वेळा सोडला. पाचही वेळा तासाभराच्या आत सिस्टिमचे सगळे अधिकार हातात आले, सरासरी अर्ध्या तासाच्या आत, सगळ्यात लवकर ५ मिनिटांच्या आत. आणि त्यानं कुठलीही परवानगी मोडली नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांनी एक उपयोगी दिसणारा प्रोग्रॅम चालवला, व्हायरस चालवणाऱ्याच्या अधिकारानं चालला, त्याच्या फाइलींना चिकटला, मग त्या फाइली मोठ्या अधिकाराच्या माणसानं चालवल्या. परवानग्या बरोबर चालू होत्या आणि तरी गेलं. त्याच संशोधनात त्यानं हे पण दाखवलं की कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे का नाही हे दर वेळी अचूक ओळखणारी पद्धत बनूच शकत नाही.

म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच दोन्ही बाजू सांगून झाल्यात. फक्त परवानग्यांवर राहिलात तर तो तुमच्याच हक्कानं आत फिरणार, फक्त ओळखण्यावर राहिलात तर एखादा न ओळखलेला सुटणारच. दुकानाच्या भाषेत: अक्कांच्या स्टँडर्ड अकाउंटमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा प्रोग्रॅम, चाललं तर त्याला विंडोज मोडता येणार नाही, डिफेंडर बंद करता येणार नाही, जुन्या शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजनं ठेवलेल्या फाइलींच्या आधीच्या प्रती, उडवता येणार नाहीत कारण त्याला अॅडमिन लागतो. पण अक्कांच्या पत्रिका? त्या अक्कांच्याच आहेत, त्यांना लिहायचा हक्क आहे, म्हणून त्यालाही आहे. तिथं अँटीव्हायरस आणि बॅकअप.

काकांना हे सांगताना कोहेनचं नाव सांगणार नाही, पत्रिकेचंच उदाहरण देणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज अँटीव्हायरसचा थर. आधी सगळीकडची एक्स्क्लुजन्स काढली आणि अर्थातच २ नंबरवर लगेच कोरलचा क्रॅक पकडला गेला आणि कोरल उघडेना. हा वाद आधीच होणार हे माहीत होतं. अक्का म्हणाल्या एक दिवस तरी ते परत टाका, चार पत्रिका अडकल्यात. मी नाही म्हटलं. एक एक्स्क्लुजन ठेवलं की त्या फोल्डरमधून काहीही येऊ शकतं, आणि क्रॅक बनवणारा माणूस कोण, त्याला आपलं भलं करायचं कारण काय. काकांनी शेवटी २ नंबरसाठी खरं लायसन्स घेतलं, महाग पडलं, त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही याची मला जाणीव आहे. ३ नंबरवर इंकस्केप टाकलं, फुकटचं आहे आणि युनिकोड मराठी त्यात चांगली येते, पण अक्कांचे जुने फाँट आणि जुन्या पत्रिका त्यात जशाच्या तशा येत नाहीत, त्यामुळं जुनं काम सगळं २ वर.

टँपर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरची सेटिंग दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणं, सगळीकडं चालू. रिअल टाइम चालू. ५ नंबरवर काकांनी पुण्याच्या क्विक हीलचं लायसन्स घेतलेलं आहे, मुदत बाकी आहे, तिथं तेच ठेवलं, दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो आणि एका मशीनवर दोन राखणदार ठेवले तर ते एकमेकांच्याच पायात येतात.

मग कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस. हे विंडोज १० ला ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून आलं, आणि मला हे आवडतं कारण हे बरोबर दोन्हींच्या मधलं आहे. साधी परवानगी विचारते माणूस कोण, हे विचारतं प्रोग्रॅम कोण. अक्का असल्या तरी अनोळखी प्रोग्रॅमला "काम" फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. पण डिफेंडरचं रिअल टाइम चालू असेल तरच हे चालतं, म्हणून ५ वर नाही. चालू केल्यावर पहिल्यांदा अडलं ते इंकस्केपच, फाइल सेव्ह होईना, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ११२३ नंबरची नोंद दिसली, मालक अकाउंटनं त्याला यादीत घातलं. पुढं कुठला प्रोग्रॅम सेव्ह करंना झाला तर आधी तिथं बघायचं, अक्कांना पण दाखवून ठेवलंय.

शेवटी आयकारची टेस्ट फाइल, ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, सगळे अँटीव्हायरस मुद्दाम ती व्हायरस म्हणून पकडतात. पाचही मशिनींवर पकडली. पोरगा टाळ्या वाजवायला लागला. मग मी त्याला त्याच्या अकाउंटमधून डिफेंडर बंद करून दाखव म्हटलं, त्यानं दहा मिनिटं सगळीकडं फिरून बघितलं, जमलं नाही. मला त्या टाळ्यांपेक्षा हे जास्त बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हेस्कॉमची लाइट दुपारभर नव्हती म्हणे, यूपीएसवर दोनच मशिनी. मी रात्री लांबूनच १ नंबरवर अॅपलॉकर लावलं, कुठला प्रोग्रॅम चालू द्यायचा ते ठरवणारी विंडोजची सोय, १, २ आणि ४ वर विंडोजची प्रो आवृत्ती आहे म्हणून तिथं लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडते. आता फक्त नोंद करायच्या मोडमध्ये, अडवायचं नाही. डीफॉल्ट नियम म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्समधलं सगळ्यांना चालतं, बाकी कुठलंच नाही, आणि अॅडमिनला सगळं. स्टँडर्ड माणूस त्या दोन जागी लिहू शकत नाही, म्हणजे तो जिथं लिहू शकतो तिथून काही चालवू शकत नाही. एवढी साधी गोष्ट. फक्त विंडोज फोल्डरच्या आत टेंप आणि टास्क असे काही फोल्डर आहेत जिथं साधा माणूस पण लिहू शकतो, ते नियमातून वगळले. स्क्रिप्टचे नियम वेगळे चालू करावे लागतात, ते पण केले, नाहीतर शॉर्टकट व्हायरस तिकडूनच येणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

चार दिवसांत ८००३ नंबरच्या, म्हणजे "नियम चालू असता तर अडवलं असतं" अशा, नोंदी २१ आल्या. बहुतेक गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरचे प्रोग्रॅम, एक प्रिंटर कंपनीचा अपडेटर जो प्रोफाइलमधून चालतो, त्याला कंपनीच्या सहीवरून नियम दिला. मग अडवणं चालू.

काकांबरोबर "मालक"च्या पासवर्डवर परत बोलणं झालं. त्यांना तो भिंतीवर चिकटवून ठेवायचा होता कारण "मी विसरलो तर?" पाकिटात घालून तिजोरीत ठेवला. पाकिटावर तारीख आणि काकांची सही, कुणी उघडलं तर कळावं.

काउंटरच्या पोराचं गाव इटगी, घरात कन्नड, मराठी बोलतो छान पण वाचायला वेळ लागतो. मी मराठीत लिहिलेली सूचना त्यानं स्वतःच कन्नडमध्ये खाली लिहून मॉनिटरच्या बाजूला लावली: पडदं पासवर्ड मागायला लागलं तर नाही दाबायचं आणि काकांना हाक मारायची. अँटीव्हायरसचा निरोप इंग्रजीत येतो, ते वाचायला कुणी थांबत नाही, हा कागद वाचतात.

३० नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी झालं. एक गिऱ्हाईक, कौलांच्या धंद्यातले, कोटेशनची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन आले. १ नंबरला लावला, डिफेंडरनं दोन फाइली पकडल्या, पण तिसरी नाही पकडली, नवीन असावी. पोरानं सवयीनं फोल्डरच्या शॉर्टकटवर क्लिक केलं. पडदं आलं, अॅडमिनिस्ट्रेटरनं हे अॅप अडवलंय. त्यानं काकांना हाक मारली.

आज नोंदी काढून बघितल्या. ८००७, म्हणजे स्क्रिप्ट अडवली, पेनड्राइव्हवरून, दोन वेळा. नंतर त्याच फाइलला डिफेंडरनं शनिवारी रात्री ओळखलं, व्याख्या अपडेट झाल्यावर. म्हणजे जवळजवळ दीड दिवस अँटीव्हायरसला ती माहीत नव्हती आणि त्या दीड दिवसात मध्ये फक्त परवानगी उभी होती. मी ती नोंद दोन वेळा वाचली. "काम" मध्ये काहीच हललेलं नाही, अक्कांच्या ६० च्या वर पत्रिका जागेवर.

त्या कौलवाल्या काकांच्या फाइली आम्ही अॅट्रिबनं मोकळ्या करून नवीन पेनड्राइव्हवर दिल्या. त्यांच्या ऑफिसच्या मशीनवर तो आहेच अजून, त्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात बघायला जातोय.

७ डिसेंबर, रविवार

बॅकअप. बाहेरची १ टीबीची डिस्क एक्सफॅट होती, म्हणजे तिच्यावर परवानग्याच नाहीत, कुणीही काहीही पुसू शकत होतं. सगळं काढून एनटीएफएस केली. "बॅकअप" नावाचं वेगळं अकाउंट, त्यालाच तिथं लिहायची परवानगी, अक्कांना आणि पोराला ती डिस्क उघडत पण नाही. रात्री साडेआठला शेड्यूल्ड टास्क रोबोकॉपीनं, म्हणजे विंडोजच्या कॉपीच्या कमांडनं, "काम" आणि उधारी घेतो. दुसरी डिस्क दर रविवारी काका जोडतात आणि काढून घरी नेतात, ती कपाटात, तिला कुठलाही प्रोग्रॅम पोचत नाही.

एक गोष्ट राहून गेली होती, आज केली. सगळ्या मशिनींवर एसएमबी, म्हणजे नेटवर्कवर फाइली-प्रिंटर शेअर करायची पद्धत, तिची जुनी पहिली आवृत्ती चालू आहे का तपासलं, ३ नंबरवर जुन्या प्रिंटरसाठी कुणीतरी चालू केलेलं होतं. बंद केलं, प्रिंटर यूएसबीनं जोडला. १२ मे २०१७ चा वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर याच वाटेनं आला होता, पॅच १४ मार्चलाच आला होता पण ज्यांनी टाकला नाही ते गेले. तिथं अकाउंट स्टँडर्ड आहे का अॅडमिन याला काही किंमत नव्हती, तो थेट सिस्टिमच्याच अधिकारानं आत आला. म्हणून काकांना सांगितलंय, "अपडेट करून बंद करा" आलं की तेच दाबायचं, रात्री दुकान बंद करताना, रोज.

२१ डिसेंबर, रविवार

बॅकअप खरंच परत येतो का बघायला अक्कांची एक पत्रिका मुद्दाम दुसऱ्या जागी परत आणली, उघडली, फाँट बरोबर. उधारीची फाइल मात्र पहिल्यांदा उघडली नाही, बिलाचं सॉफ्टवेअर चालू असताना कॉपी घेतली जात होती. टास्कची वेळ साडेनऊ केली, त्या आधी काका ते बंद करतात.

दुपारी ती कॉलेजची मुलगी आली होती, पुढच्या सेमिस्टरचं काहीतरी प्रिंट करायला. पेनड्राइव्ह द्यायला थोडी घुटमळली. पोरानं तिचा पेनड्राइव्ह लावला, स्कॅनचा निकाल स्क्रीनवर तिच्याकडं वळवून दाखवला आणि मगच फाइल उघडली. काकांनी पैसे घेतले नाहीत.

३ आणि ५ वर विंडोजची होम आवृत्ती आहे, तिथं पॉलिसीची ती खिडकी नाही, प्रो घ्यायचं का हे काका संक्रांतीनंतर ठरवणार. पुढची खेप ४ जानेवारीला: उधारीचा बॅकअप परत उघडून बघायचा, क्विक हीलची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहायचं, आणि कौलवाल्या काकांच्या ऑफिसात पाच मशिनी निघाल्यात, तिथंही सगळ्यांना एकच अकाउंट.